पोपटाचे पिसे

मराठीत 'पिसे' या शब्दाचे दोन अर्थ कोशात सापडतात आणि तिसरा ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर. पक्ष्याच्या अंगावरील पिसे हा पहिला अर्थ, वेड हा दुसरा, आणि शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे येऊन मुंबईसाठी जेथे उचलले जाते ते भिवंडी तालुक्यातील पिसे गाव हा तिसरा. हे पाणी पुढे पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. ज्या जिल्ह्यात पिसे आणि पांजरापूर ही नावे एका दमात घेतली जातात, त्या जिल्ह्यात पाळीव पोपटाने पिंजऱ्यात बसून स्वतःची पिसे उपटावीत यात नियतीचा काही संकेत असावा असे मानणारे लोक शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आढळतात. पोपटाचे मत मात्र याबाबत कोणी विचारलेले नाही.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. निरोगी पक्षी दिवसाचा बराच वेळ चोचीने पिसे विंचरण्यात, त्यांतील धूळ काढण्यात आणि ती जागच्या जागी बसवण्यात घालवतो, आणि हे त्याच्या स्वच्छतेचे व तब्येतीचे लक्षण मानले जाते. हेच काम करता करता चोच पिसाच्या मुळापाशी रेंगाळू लागली, आणि विंचरण्याऐवजी पीस चावणे, कुरतडणे किंवा समूळ उपटणे सुरू झाले, म्हणजे तो विकार ठरतो. त्यासाठी 'पिच्छोत्पाटन' असा भारदस्त शब्द घडवता येईल, परंतु तो तालुक्याच्या औषधाच्या दुकानात उच्चारल्यास समोरचा मनुष्य पोटदुखीची गोळी काढून देण्याची शक्यता असल्याने प्रस्तुत लेखात 'पिसेउपट' हा साधा शब्द योजला आहे.

या विकाराची पहिली खूण डोक्यावर सापडते. पोपटाची चोच अंगावर जवळपास सर्वत्र पोहोचते, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचू शकत नाही. त्यामुळे छाती, पोट आणि मांड्या उघड्या पडल्या तरी डोके मात्र पिसांनी भरलेले राहते, आणि एकंदर पक्षी वरातीला फेटा बांधून आलेल्या पण सदरा घरी विसरलेल्या मामांसारखा दिसू लागतो. डोक्याचीही पिसे गेली असतील तर शेजारचा पोपट किंवा एखादा रोग संशयित ठरतो. डोके शाबूत असेल तर गुन्हेगार आणि फिर्यादी एकाच दांडीवर बसलेले असतात.

पोपट कोणता, हा प्रश्न वरकरणी शास्त्रीय वाटला तरी तो प्रत्यक्षात कायद्याचा आहे. रानातला हिरवा पोपट, ज्याच्या नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार घरात ठेवता येत नाही, आणि तरीही तो अनेक घरांत असतो. फक्त तो कोणाचाच नसतो. विचारणा होताच "झाडावरनं पडला होता, साहेब, आम्ही वाचवला" असे उत्तर मिळते, आणि या उत्तरांवर विश्वास ठेवायचा झाल्यास ढोलीतून पडणे हाच पोपटाच्या पिल्लांचा मुख्य व्यवसाय असल्याचा निष्कर्ष काढावा लागेल. अशा पक्ष्याला पश्चात्तापाच्या भरात थेट आकाशात सोडून देणेही अनुचित असते, कारण हातावर वाढलेल्या आणि निम्मी पिसे उपटलेल्या पक्ष्याला उडणे, अन्न शोधणे आणि ससाण्यापासून पळणे यांपैकी काहीच येत नसते; त्यासाठी वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे चिमुकले पोपट बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरीगार असतात आणि त्यांच्यावर हे बंधन नाही. त्यांच्यापेक्षा मोठा, महाग आणि गहन विचार करणारा परदेशी पक्षी म्हणजे आफ्रिकन ग्रे, अर्थात आफ्रिकेतील दमट अरण्यांत थव्याने राहणारा, राखाडी अंगाचा व लालभडक शेपटीचा पोपट. याचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून अत्यंत कडक निर्बंधांखाली आहे आणि घरी असल्यास त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. बोलण्यात हा पोपट अग्रगण्य आहे, आणि दुर्दैवाने पिसेउपटीतही.

हा आफ्रिकन पक्षी शहापूर तालुक्यात कसा पोहोचतो, याचे उत्तर रस्त्यात दडलेले आहे. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग या तालुक्यातून गेला, त्यासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि मोबदल्याचा एक ठराविक प्रवास असतो: प्रथम गाडी, मग बंगला, मग बंगल्याला शोभेल असे काहीतरी. पूर्वी ही जागा दारातली बैलजोडी भरून काढत असे आणि मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष महिन्यात भरणाऱ्या यात्रेत ती निवडण्यासाठी चार पंच बरोबर नेले जात. आता बैल नाही, कारण शेत नाही, आणि म्हणून ओटीवर टांगलेल्या पिंजऱ्यात राखाडी पोपट असतो. प्रस्तुत विवेचनासाठी असेच एक प्रातिनिधिक घर शहापूर-किन्हवली रस्त्यावर कल्पिले आहे. या घरात एक मालक, त्याची आई, पत्नी, दहावीतला मुलगा आणि 'राजा' नावाचा पोपट राहतात, व मालकाचे मामा मुरबाडमध्ये कोंबड्या पाळतात.

राजाची पिसे प्रथम पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावर दिसली तेव्हा घरात समाधान होते, कारण "ऋतू बदलला की झडतात" असे शेजाऱ्याने सांगितले. पिसे झडतात हे खरेच आहे. जुनी पिसे टप्प्याटप्प्याने गळून त्या जागी नळीत गुंडाळलेली नवी पिसे येतात. पण झडलेले पीस सबंध असते आणि राजाची पिसे मुळाशी चावलेली होती. हा भेद लक्षात येईपर्यंत छातीचा अंगठ्याएवढा भाग उघडा पडला, आणि मग उपायांना प्रारंभ झाला.

पहिला उपाय खोबरेल तेलाचा होता. ज्या त्वचेला खाज सुटते तिला तेल चोळावे हा नियम मनुष्याला लागू पडत असला तरी पिसे तेलाने चिकटली की त्यांची ऊब धरण्याची आणि पाणी झटकण्याची क्षमता नाहीशी होते, आणि आफ्रिकन ग्रेच्या अंगातून सतत झडणारी पांढरी भुकटी तेलात मिसळल्यावर राजाला मळलेल्या कणकेचे रूप आले. दुसरा उपाय दहावीतल्या मुलाने सुचवला. पोपटाने पीस चोचीत धरताच त्याला तिखट लागले पाहिजे, म्हणून हिरव्या मिरचीचा ठेचा पाण्यात कालवून तो छातीवर लावण्यात आला. येथे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागते. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे जाणवतो, आणि सस्तन प्राण्यांच्या चेतातंतूंतील ज्या ग्राहकावर हे द्रव्य आघात करते, तो ग्राहक पक्ष्यांत अशा घडणीचा असतो की कॅप्सेसिनला तो दादच देत नाही. म्हणूनच महाराष्ट्रातील पोपट शतकानुशतके पेढा खावा तशी मिरची खात आले आहेत. राजाने छातीवरचा ठेचा अत्यंत आवडीने चाटून खाल्ला, ठेच्यासह आणखी नऊ पिसे काढली, आणि मग चोच मालकाच्या गालावर पुसली. त्या सायंकाळी डोळ्यांना थंड पाण्याच्या पट्ट्या लावून बसलेली घरातील एकमेव व्यक्ती पोपट नव्हती.

तिसरा सल्ला मुरबाडहून आला. मामांच्या मते हा प्रश्नच नव्हता, कारण गर्दीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे टोचून काढतात आणि त्यावर कुक्कुटपालनात चोच छाटणे व उजेड कमी करणे असे दोन उपाय सर्रास केले जातात. "चोच छाटली की खेळ खलास," असे मामा म्हणाले. पोपटाची चोच ही त्याची सुरी, अडकित्ता आणि तिसरा पाय असते, तिच्याशिवाय त्याला दांडीवर नीट चढताही येत नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते; तरी आजीने मामांना "आधी तुझी जीभ छाटते" असे उत्तर दिल्याने विज्ञानावरचा मोठा प्रसंग टळला. उजेड मात्र कमी करण्यात आला, म्हणजे ओटीवरचा दिवा घालवून पिंजरा दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाशेजारी हलवण्यात आला, जेथे रात्री साडेअकरापर्यंत मालिका चालतात. पोपटाला दहा ते बारा तास शांत अंधार लागतो. राजाला आता सुनांवर होणारे अन्याय अर्ध्या रात्रीपर्यंत पाहावे लागत होते आणि त्याची उपटण्याची गती वाढली.

दरम्यान गावात निराळीच कुजबुज सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या होत्या आणि खबरदारी म्हणून परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करावे लागले होते, ही आठवण लोकांच्या मनात ताजी होती. त्यामुळे अंगणातून उडत शेजारी गेलेले एक राखाडी पीस वरणाच्या पातेल्याजवळ सापडताच संबंध बिघडले. बर्ड फ्लू झालेला पक्षी मिरच्या खात आणि मालिका पाहत बसत नाही, हे पटवून देण्यासाठी मालकाला पिंजरा घेऊन चार घरी फिरावे लागले, आणि अशा रीतीने ज्यांनी ते टक्कल पाहिले नव्हते त्यांनीही ते पाहिले.

पोपट आणि समाज यांच्या संबंधात एक गोष्ट नेहमी दिसते, ती ही की समाजाला पोपटाच्या तोंडापलीकडचा पोपट क्वचितच दिसतो. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील 'कादंबरी'त, जिच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला नाव दिले, वैशंपायन नावाचा पोपट शूद्रक राजाच्या दरबारात येतो आणि पिसेही न फुटलेल्या वयात आपल्यावर काय ओढवले ते सांगू लागतो. राजा विस्मित होतो तो त्याच्या वाणीने. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका वृद्धेला पाहून शिव्या देतो या तक्रारीवरून एका पोपटाला पोलीस ठाण्यात आणले गेले, तेथे त्याने अनुभवी आरोपीला शोभेल असे मौन पाळले, आणि शेवटी तो वनविभागाकडे सोपवला गेला. २०२२ मध्ये पुण्यात शेजाऱ्याचा पोपट सतत शीळ घालतो म्हणून एका ज्येष्ठ नागरिकाने पोलिसांत तक्रार नोंदवली. पोपट बोलला तर गुन्हा होतो आणि न बोलला तर नामुष्की होते. तो पिसे उपटत असल्याची तक्रार घेऊन मात्र पोलीस ठाण्यात कोणी जात नाही.

राजाचे बोलणेही याच काळात वाढले, आणि त्याचे कारण घरातच होते. तो छातीकडे चोच वळवताच चारी दिशांनी "अरे सोड! सोड!" असा ओरडा होऊन माणसे धावत येत, कोणी पेरूची फोड पुढे करी, कोणी टाळ्या वाजवी. एरवी दिवसभर ज्याच्याकडे कोणी पाहत नाही अशा बुद्धिमान प्राण्याने यातून काय बोध घ्यावा हे उघड आहे. महिन्याभरात राजा पीस उपटे आणि हुबेहूब मालकाच्या आवाजात स्वतःच "अरे सोड!" असे ओरडे, ज्यामुळे स्वयंपाकघरातून धावत येणाऱ्या पत्नीला नक्की कोण कोणाला काय सोडायला सांगत आहे, हे ठरवता येईना.

अखेर वैद्यकीय सल्ला घेण्याचे ठरले. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीत जनावराची जात, वेत आणि दूध एवढेच रकाने होते. वेत म्हणजे गाय-म्हैस कितव्यांदा व्यायली त्याचा आकडा. "वेत निरंक लिहितो," असे लिहिणाऱ्याने समजूतदारपणे सांगितले, आणि डॉक्टरांनी प्रामाणिकपणे मुंबईचा रस्ता दाखवला, जेथे परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जेथील रुग्णालयाला जुनी मंडळी अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. नावात बैल व घोडा असले तरी तेथे पोपटही चालतात, या माहितीने घरात धीर आला. मुंबईत पक्ष्यांवर उपचार करणारे एक डॉक्टर शोधून काढण्यात आले.

आसनगाव स्थानकापर्यंतच्या बसमध्ये पिंजऱ्याचे तिकीट काढावे की नाही यावर चर्चा झाली. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात बंगळूरहून म्हैसूरला निघालेल्या आजी व नातीला सरकारी योजनेमुळे प्रवास फुकट होता, पण त्यांच्याबरोबरच्या चार पक्ष्यांचे मिळून ४४४ रुपयांचे तिकीट वाहकाने फाडले होते, हे वृत्त बसमधील एका वाचकाला पाठ होते व त्याने ते नको त्या वेळी सांगितले. वाहक विचारात पडला. "बोलतो का?" त्याने विचारले. "बोलतो." "मग अर्धं तरी काढा." राजाने या क्षणी "अरे सोड!" असे खणखणीत आवाजात म्हटल्याने वाहकाने विषय सोडून दिला. आसनगावहून पुढे मालडब्यात भेंडीच्या गोण्यांवर पिंजरा ठेवून प्रवास झाला, आणि लोकल तिच्या रिवाजाप्रमाणे उशिरा असल्याने फलाटावरील पन्नासएक माणसांनी राजाच्या उघड्या छातीवर पन्नासएक उपाय सुचवले.

डॉक्टरांनी रक्त तपासले, कारण परोपजीवी कीटक, त्वचेचा संसर्ग, यकृताचा विकार, विषाणू, आणि पिंजऱ्याच्या स्वस्त जाळीवरील जस्त चाटल्याने होणारी विषबाधा ही सारी कारणे आधी वगळावी लागतात. त्यांतील काही सापडले नाही. मग आहार विचारला. आहारात सूर्यफुलाच्या बिया आणि बिया होत्या, म्हणजे चरबी भरपूर व 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. झोप विचारली, तिचे उत्तर मालिकांच्या नावांत मिळाले. आंघोळ विचारली, तेव्हा ठेच्याचा उल्लेख टाळण्यात आला. त्यानंतरचा संवाद मात्र उपचाराचा गाभा ठरल्याने संपूर्ण देणे योग्य होईल.

"हा दिवसभर काय करतो?"

"काही नाही, डॉक्टर. बसल्या जागी सगळं मिळतं त्याला."

"आणि तुम्ही?"

मालक थोडा वेळ बोलला नाही. "शेत रस्त्यात गेलं," तो म्हणाला. "बसूनच असतो."

असे म्हणताना त्याचा उजवा हात सवयीने मिशीकडे गेला आणि दोन बोटांत एक केस धरून खेचू लागला. मिशीचा उजवा अर्धा भाग डाव्यापेक्षा बराच विरळ होता, ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण सारे घर पोपटाकडे पाहत होते. "अरे सोड!" असे राजा पिंजऱ्यातून ओरडला, आणि डॉक्टरांना चष्मा पुसण्याचे निमित्त करून तोंड फिरवावे लागले.

डॉक्टरांनी सांगितले ते थोडक्यात असे. रानातल्या पोपटाचे तासन् तास अन्न शोधण्यात, सोलण्यात आणि फोडण्यात जातात. पिंजऱ्यात तेच अन्न वाटीत मिळाल्याने दहा मिनिटांत दिवसाचे काम संपते, आणि उरलेल्या वेळात ती चोच जे सोलण्यासारखे सापडेल ते सोलते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ॲमेझॉन जातीच्या तरुण पोपटांना खटपट करून अन्न मिळवण्याची सोय आणि पिंजऱ्यात विविधता दिली तेव्हा पिसेउपट कमी झाल्याचे २००३ मध्ये दाखवून दिले आहे. तेव्हा वाटी बंद करून काम द्यायचे, उपटताना ओरडायचे नाही, रात्री पिंजरा अंधारात ठेवायचा, आणि घाई करायची नाही, कारण पिसे आलीच तर येण्यास महिने लागतात आणि मूळ वारंवार दुखावले असल्यास ती येतही नाहीत.

घरी परतल्यावर आजीने यातील एकही शब्द न ऐकता पोपटाला थंडी वाजते असा स्वतंत्र निष्कर्ष काढला आणि नातवाच्या बाळंतविड्यातील लोकरीची कुंची उसवून राजाला बेताची अशी नवी विणून घातली. सकाळी पिंजऱ्यात कुंची नव्हती, लोकरीचा ढीग होता, राजा प्रसन्न होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्तमानपत्रावर एकही पीस पडले नव्हते. दूरध्वनीवर डॉक्टरांनी आजींचे अभिनंदन केले, पण लोकर पोटात जाते, पायाच्या बोटांत अडकते, म्हणून तिच्याऐवजी नारळाचे सोडण द्यावे असे सुचवले. सोडण म्हणजे नारळावरचे काथ्याचे आवरण. एवढे दिवस राजाला 'सोड' असे सांगणाऱ्यांनी त्याला सोडण दिले असते तर कसारा मार्गावरील एका मालडब्याची गर्दी तरी कमी झाली असती.

तेव्हापासून मालकाचा दिवस पहाटे सुरू होतो. पेरूच्या कोवळ्या फांद्या, पानांसकट मक्याचे कणीस, शेवग्याच्या शेंगा, कागदाच्या पुडीत बांधलेली गाजराची फोड हे सारे रोज नव्या जागी टांगावे लागते, कारण जुन्या जागा राजाला पाठ होतात. आश्विनात मालक मामांच्या मुरबाडच्या खाचरात भाताच्या लोंब्या आणायला गेला तेव्हा मामा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत, डबा बडवत हिरव्या पोपटांचा थवा हाकत होते. ते पोपट लोंब्या चोरून नेत होते, आणि त्यांच्यापैकी एकाचेही अंग उघडे नव्हते. मामांनी एकीकडे पोपटांना अर्वाच्य शिव्या देत दुसरीकडे भाच्याच्या पोपटासाठी लोंब्यांची चांगली जुडी बांधून दिली, आणि यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही. पुढच्या आठवड्यात मालक कापणीलाही थांबला.

मिशी दोन महिन्यांत पूर्ववत झाली. राजाची छाती अजून अर्धी उघडी आहे.